ग्रिम्सी बेटाची बोटसफर : पाचपैकी चार तारे

एक तारा कापलाय तो समुद्रासाठी. आइसलँडच्या उत्तरेकडल्या दाल्विकहून बोट सुटते, पोहोचायला साधारण तीन तास. खाडीबाहेर पडलं की लाटा दयामाया दाखवत नाहीत. बोट लागत असेल तर निघण्याआधीच गोळी घ्या. आमच्या ह्यांनी घेतली नाही आणि अख्खा प्रवास डोळे मिटून काढला.

बहुतेक जण इथे आर्क्टिक वृत्त, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीची काल्पनिक रेषा, ओलांडायला येतात. वृत्त दरवर्षी थोडं उत्तरेला सरकतं, म्हणून खुणेसाठी 2017 साली ठेवलेला तीन मीटर व्यासाचा काँक्रीटचा गोळाही त्याच्यामागून हलवतात. गंमत आहे खरी, पण तो बेटाच्या पार उत्तर टोकाला. तिथवर जाऊन येण्यातच सगळा वेळ जातो. मी त्याऐवजी कड्यावर बसले.

बेटावर कोल्हे नाहीत, उंदीर नाहीत आणि भोवती मासळी भरपूर, म्हणून इथे पक्ष्यांची एवढी गर्दी. पूर्वेचे कडे शंभर मीटरपर्यंत उंच. कपारींत गिलेमॉट हे समुद्रपक्षी दाटीवाटीने उभे. घरटं वगैरे काही नाही, उघड्या दगडावरच एकुलतं एक अंडं, एका बाजूला चांगलंच निमुळतं. पफिन मात्र कड्याच्या माथ्यावर गवताखाली बीळ खणतो. माझ्यापासून जेमतेम चार हातांवर एक उतरला. चोचीत आडवे धरलेले बारीक मासे, दोन्हीकडून शेपट्या लोंबताहेत. इकडेतिकडे बघितलं आणि सुळकन बिळात. कडेला पाय जपून टाका, खाली जमीन पोकळ असते.

फुल्मार या समुद्रपक्ष्याच्या जवळ जाऊ नका. पोटातलं तेल पिचकारीसारखं अंगावर उडवतो, आणि वास काही केल्या जात नाही म्हणतात.

सगळ्यात तिखट पक्षी आर्क्टिक सुरय. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येणारा हा मूठभर जीव रस्त्याकडेलाच अंडी घालतो आणि जवळून गेलात की थेट टाळूवर चोच मारतो. काठी डोक्यावर उंच धरा, तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो. माझ्या छत्रीने बराच मार खाल्ला!

जेवणाची सोय जेमतेम, आम्ही दशम्या नेल्या होत्या. जायचं तर जून-जुलैत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पफिन समुद्रावर निघून जातात, त्यानंतर इतके पैसे खर्चायला मी तरी सांगणार नाही.