अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणाला आणि ब्लॉकच बदलला

लातूर, नांदेड, परभणीकडं ज्यांच्या घरी अजून आरेक्स हंड्रेड, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक गाडी, उभी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून गाडी अनोळखी गॅरेजला टाकणार असाल तर आधी हे वाचा. पार्टचोराला या तक्रारीइतकी सोयीची दुसरी तक्रार नाही. गाडी चालू असते, तरी आठवडाभर ठेवून घेता येते. इंजिन उघडायला कारण मिळतं. आणि काम झालं की नाही हे गाडी ताब्यात घेताना कळत नाही, दोन-तीन टाक्या संपल्यावर कळतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि तुमचा माल दुसऱ्याच्या गाडीवर बसलेला असतो.

आमची गाडी वडिलांनी १९९४ साली घेतलेली. एस्कॉर्ट्सच्या काळातली, ९८ सीसी, चार गिअर. हे मॉडेल १९८५ ला आलं आणि १९९६ ला बंद झालं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण आरेक्ससुद्धा चांगली वयात आलेली आहे. कंपनीचे पार्ट आटत गेले आणि पोरांमध्ये गाडीची हौस मात्र वाढत गेली. त्यामुळं कंपनीचा ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर), तोही कमी बोअर झालेला म्हणजे आतून कमी कोरलेला, आणि मूळचा मिकुनी कार्बोरेटर यांना हौशी लोक जी किंमत देतात ती वडिलांना शेवटपर्यंत खोटीच वाटायची.

ब्लॉकचा बोअर आयुष्यात एकदाच झालेला, पाव एमएम. वडिलांनी त्याची चिठ्ठी आरसी बुकाच्या पाकिटात घडी घालून ठेवलेली: तारीख, लेथवाल्याचं नाव आणि ‘पिस्टन ०.२५’. ब्लॉकची एक फिनही (थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांपैकी एक) टोकाला तुटलेली होती. गाडी पडली तेव्हाची.

लिटरला ४० च्या आसपास देणारी गाडी २४ वर आली. प्लग काढला तर काळा आणि ओला. उतारावर न्यूट्रल केली की पूर्वीसारखी पळत नव्हती, जागीच मंदावायची. जिल्ह्याच्या ठिकाणी एक आरेक्सवाला म्हणून नावाजलेला मिस्त्री आहे, त्याला मी या दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यानं ऐकून घेतल्यासारखं केलं, किक हातानं दोनदा दाबली आणि म्हणाला, “कॉम्प्रेशन गेलंय सर. कार्बोरेटर बी गळाठलाय. आणि हे इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून आरेक्सला लै बेकार दिवस आलेत बघा.” कॉम्प्रेशनचं मीटर नाही, प्लग बघणं नाही, चाक फिरवणं नाही.

इथेनॉलचं थोडं बोलून टाकतो, कारण हल्ली ही सबब सगळीकडं मिळते. ऊस आपला, डिस्टिलऱ्या आपल्या, त्यामुळं आपल्याकडं इथेनॉलला शिव्याही जरा जपूनच द्याव्या लागतात. लिटरमागं इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते हे खरं. जुनं रबर त्यानं खराब होतं हेही खरं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-२० मुळं, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं, जुन्या धाटणीच्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल असा अंदाज दिलाय. कार्बोरेटरची म्हातारी गाडी म्हणून दुप्पट धरा. तरी ४० चे ३७ होतील. २४ होणार नाहीत. जो मिस्त्री एवढा मोठा खड्डा इथेनॉलनं बुजवतो, त्याचं लक्ष दुसरीकडं आहे एवढं समजा.

गाडी ठेवून घेतली. फोन केला की “लेथवाल्याकडं गर्दी हाय सर” हेच उत्तर. शेवटी गाडी मिळाली तेव्हा ब्लॉकला काळा हीट पेंट मारलेला. “तुमच्यासाठी फ्री मारून दिला.” पॅडच्या कागदावर कच्चं बिल: बोअर ०.५०, पिस्टन सेट, कार्बोरेटर नवीन, लेबर. एकूण १३,८००. जुना माल मागितला तर एका पिशवीत पिस्टन आणि रिंगा घालून दिल्या. कार्बोरेटर म्हणे भंगारात गेला.

वर त्यानं अ‍ॅव्हरेज काढूनही दाखवलं. ही चाचणी नीट समजून घ्या, कारण फसवणुकीतला सगळ्यात सफाईदार भाग हाच होता. हँडलला सलाइनची बाटली टांगली, त्यात १०० मिली पेट्रोल. टाकीच्या कॉकचा पाइप काढून बाटलीची नळी कार्बोरेटरला जोडली आणि पोराला पाठवलं. गाडी बंद पडली तिथून पोरानं फोन केला: साडेचार किलोमीटर. “म्हणजे ४५ चं अ‍ॅव्हरेज. लिहून घ्या सर.” बाजूला बसलेल्या दोघांनी माना डोलावल्या.

खोट कुठं आहे? कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत आधीचं पेट्रोल भरलेलं होतं. गाडी टाकीवर चालू होती, तशीच नळी बदलली. म्हणजे बाटलीतलं १०० मिली तर जळालंच, वाटीतलंही जळालं. १०० मिलीच्या चाचणीत वाटीतून २० मिली जरी आलं तरी आकडा पाचव्या हिश्शानं फुगतो. शिवाय पोरगं एकटं, वजनानं हलकं, टॉप गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर. खरी चाचणी करायची तर आधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बाटली जोडायची. त्याहून भरवशाचं म्हणजे टाकी फुल्ल करून दोन-अडीचशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायची आणि त्याच पंपावर, मेन स्टँडवर लावून, परत तेवढीच भरायची. किलोमीटरही रस्त्यावरच्या दगडांवर ताडून घ्या. जुन्या आरेक्सच्या मीटरवर कुणी शपथ घेऊ नये.

तशी टाकी ते टाकी मोजली. २२ आलं. म्हणजे १३,८०० देऊन दोननं उतरलं.

परत गेलो. या वेळी त्यानं वाद घातला नाही. पाच मिनिटांत काहीतरी फिरवाफिरवी केली आणि गाडी दिली. आणि खरंच, अ‍ॅव्हरेज ३५ च्या वर गेलं. पुढं उघडल्यावर कळलं की त्यानं कार्बोरेटरमधल्या, पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या पिनचं लॉक मधल्या खाचेतून सगळ्यात वरच्या खाचेत नेलं होतं आणि जेट (पेट्रोल जायचं भोक असलेला छोटा स्क्रू) बारीक टाकला होता. लॉक वर गेलं की पिन खाली बसते, पेट्रोल कमी जातं. अ‍ॅव्हरेज दिसतं. पण आमच्या गाडीचा ऑइल पंप केव्हाच काढलेला, टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण) पेट्रोलमध्येच मिसळून टाकतो. म्हणजे पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी झालं. एप्रिलचं ऊन, नांदेडचा रस्ता आणि कोरडं चाललेलं टू-स्ट्रोक इंजिन. चाकूर सोडून अहमदपूरकडं निघालो होतो. आवाज आधी बदलला, एक बारीक कुरकुर, आणि पाठोपाठ पिस्टन अडकून मागचं चाक जाम. क्लच दाबला गेला म्हणून गाडी सरळ राहिली. मागं ट्रक नव्हता, हे नशीब. प्लग काढून बघितला तर खडूसारखा पांढरा.

छोटा हत्तीत घालून गाडी अहमदपूरला नेली. तिथं एक चाचा आहेत, राजदूत-बुलेटच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. त्यांनी हेड उघडलं, पिस्टन वर आणला आणि पेट्रोलच्या फडक्यानं डोकं पुसलं.

“किती बोअर केलाय म्हणला त्यानं?”

“अर्धा. पन्नास.”

“मग हे वाचा की सर.”

काजळी निघाली तसा बाणाशेजारी आकडा उमटला. १००.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आरेक्सचा मूळ बोअर ५० एमएमचा. झिजला की पाव, अर्धा, पाऊण, एक अशा पायऱ्यांनी मोठा करत जातात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५, १०० असे आकडे मारलेले असतात. १०० ही शेवटची पायरी, पुढं स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आत नवी नळी. चाचांनी व्हर्नियर लावला, ५१ भरला. पाव झालेला माझा ब्लॉक गेला आणि मरायला टेकलेला दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉक माझ्या गाडीवर आला. हे कागदावर कुठंच पकडलं जात नाही, कारण इंजिन नंबर खाली क्रँककेसवर असतो. ब्लॉक बदलला तरी नंबर तोच, आरसी तीच.

मग चाचांनी कार्बोरेटर हातात घेतला आणि हसले. बॉडीवरची अक्षरं पसरट, कडा खरखरीत, जेटवर नंबरच नाही. मूळच्या जेटवर नंबर आणि चौकोनाची बारीक खूण असते.

मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, पन्नास पुरला नाही म्हणून थेट शंभर मारला, ब्लॉक तुमचाच आहे.

“माझ्या ब्लॉकची फिन तुटलेली होती.”

“ती वेल्डिंग करून दिली ना सर. त्याचे पैसे बी नाही घेतले.”

चाचा ऐकत होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं त्या जागेवरचा काळा पेंट खरवडला. खाली अखंड जुनी ओतीव फिन, वेल्डिंगचा मागमूस नाही. फुकटचा पेंट कशासाठी होता ते तेव्हा उमगलं. घरी येऊन पिशवीतला ‘जुना पिस्टन’ पुसला, त्यावर ७५. आमचा २५ चा. म्हणजे पिशवीसुद्धा दुसऱ्याची. जुना माल मागून घ्या असं सगळे सांगतात. घ्याच, पण तिथंच पुसून आकडा वाचा.

आता मूळ दुखणं काय होतं ते. चाचांनी गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवलं. एक फेराही पुरा झाला नाही. मागच्या ब्रेकचा कॅम गंजून अडकला होता, लायनर कायम ड्रमला घासत होते. म्हणूनच उतारावर गाडी मंदावायची. कॅम काढून, घासून, ग्रीस लावून बसवला, स्प्रिंगा बदलल्या. दुसरं कारण माझ्या कार्बोरेटरबरोबरच गेलं, पण चाचांनी एक प्रश्न विचारला, “थंडीत चोक लागायचा का?” नाही लागायचा. डिसेंबरातसुद्धा एका किकला, बिनचोकची चालू. घरात त्याचं कौतुक होतं. चाचा म्हणाले, चोकच्या दांड्याखालचं रबर कापलं गेलं की चोक बंद असूनही वाट उघडी राहते, पेट्रोल चोवीस तास जास्त जातं. काळा ओला प्लग त्याचाच. रबर बदलायचं काम, इंजिनाला हात लावायची गरजच नव्हती.

तेव्हा इंजिन उघडू देण्याआधी एवढं बघून घ्या: चाक मोकळं फिरतं का, एअर फिल्टरचा स्पंज ऑइलनं चिंब झालाय का, सायलेन्सरच्या आतली नळी काजळीनं बुजलीय का, क्लच घसरतोय का, थांबलेल्या गाडीखाली कार्बोरेटरमधून थेंब पडतात का. गिअर ऑइल आपोआप कमी होत असेल आणि धूर दाट येत असेल तर क्लच बाजूचं क्रँकचं ऑइल सील बघा. यातल्या कशासाठीही ब्लॉक काढून महिनाभर लेथवर ठेवावा लागत नाही. बोअर खरंच लागणारच असेल तर ब्लॉक उतरवताना समोर उभं राहा, आतल्या बाजूला पंचानं खूण करा, पिस्टनच्या आकड्याचा, जेटचा आणि कार्बोरेटरच्या अक्षरांचा फोटो काढा आणि लेथवर ब्लॉक स्वतः घेऊन जा. पेंट मारू देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर ब्लॉकला स्लीव्ह, नवा पिस्टन आणि खात्रीचा कार्बोरेटर, असा दुसऱ्यांदा खर्च झाला. गाडी आता ३८ देते. मिस्त्रीला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. सोबत कच्च्या बिलाची, यूपीआयच्या पावतीची आणि वडिलांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. त्यावर त्यानं ओळखीच्या माणसाकरवी लेबरचे पैसे परत केले आणि “कोणताबी ब्लॉक उचलून न्या” असा निरोप दिला. कुणाचा ब्लॉक उचलून आणू? मला माझा पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि आधी विचारून घ्यायचं असेल तर १९१५ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

माझं ऐकून निलंग्याच्या एका ओळखीच्यानंही आपल्या आरेक्सचं हेड उघडलं. गाडी त्याच गॅरेजला जाऊन आलेली, बिलात २५, पिस्टनवर ७५. तुमचीही गाडी अलीकडं कुठं बोअरला जाऊन आली असेल आणि ब्लॉकला न मागता काळा पेंट मिळाला असेल, तर हेडचे नट सोडा, पिस्टन पुसा आणि बिल शेजारी धरा.