अमली पदार्थ शोधायला लॅब्रॅडॉर की बेल्जियन मॅलिनॉइस?

श्वान पथकात नव्याने आलेल्या हस्तकाला, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याला, हल्ली हा प्रश्न पडतोच. 2011 मध्ये ओसामा बिन लादेनला मारणाऱ्या अबोटाबादच्या अमेरिकी कारवाईत कैरो नावाचा मॅलिनॉइस गेला, तेव्हापासून या जातीची भलतीच हवा झाली आहे. नाक दोघांचंही उत्तम. गांजा, चरस, हेरॉइनचा वास दोघंही पक्का धरतात. निवड करायची ती स्वभाव आणि ड्युटीची जागा बघून.

रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, कुरिअरचं गोदाम असं काम असेल, तर मी डोळे झाकून लॅब्रॅडॉर म्हणेन. पोरं अंगावर हात टाकतात, हमाल ट्रॉली दामटतात, तरी हा ढिम्म. वास लागला की शेपटीची लय बदलते, श्वास भराभर चालतो, मान झटक्यात मागे वळते आणि गडी बॅगेसमोर बसतो. बक्षिसाला चेंडू चालतो, खाऊही चालतो. खोट एकच, खादाडपणा! केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित जनुकीय बदल आढळला. फलाटावर वडापाव सांडलेला असेल तर त्याची परीक्षाच. शिवाय वजन वाढलं की उन्हात धाप लागते आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

मॅलिनॉइस सडपातळ, चपळ. ट्रकच्या हौद्यात, कंटेनरमध्ये, मालाच्या थप्प्यांवर चढून शोधायचं असेल तर तोच घ्या. मात्र त्याला रोज काम लागतं. नुसता केनेलमध्ये ठेवलात तर दार कुरतडेल. बसून इशारा द्यायला आधीपासून शिकवा, नाहीतर लोकांच्या बॅगा ओरबाडून ठेवेल. हस्तकाची चलबिचलही तो दोरीवरून ओळखतो, म्हणून नवख्याच्या हाती मी तो देणार नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने 2011 मध्ये कुत्रा आणि हस्तक अशा 18 जोड्यांची चाचणी घेतली. शोधायचा माल कुठेच ठेवला नव्हता, पण तो असू शकतो असं हस्तकांना सांगितलं होतं. बहुतेक फेऱ्यांत हस्तकांनी ‘इशारा मिळाला’ असं कळवलं. तेव्हा सराव घेताना माल कुठे लपवलाय हे स्वतःलाही कळू देऊ नका.

बसच्या सीटखाली, गाडीच्या सांदीकोपऱ्यात घुसवायचं असेल तर कॉकर स्पॅनियलही बघा. कानांची आणि केसांची निगा तेवढी राखावी लागेल.

पिल्लू बघायला गेलात की उंच गवतात चेंडू फेका. चेंडू दिसेनासा झाल्यावरही जे नाक खाली घालून शोधत राहतं, हाक मारली तरी परतत नाही, त्याचीच नोंद करा.