झेरमाट की व्हाल तोरांस : बर्फाच्या खात्रीसाठी कोठे जावे?

आल्प्समध्ये आठवडाभर स्कीइंगला जायचे ठरले आणि ‘बर्फ नक्की मिळायला हवा’ ही पहिली अट असली, की चर्चा बहुधा दोन नावांवर येऊन थांबते : स्वित्झर्लंडमधले झेरमाट आणि फ्रान्समधले व्हाल तोरांस. आम्ही बाझेलला राहतो आणि गेल्या काही हिवाळ्यांत दोन्ही ठिकाणी राहून, दोन्हीकडचे चांगले-वाईट दिवस अनुभवून आलो आहोत. ज्यांना निळे (सोपे) उतार सहज आणि लाल (मध्यम अवघड) उतार थोडे जपून उतरता येतात, पण जे अजून स्वतःला पट्टीचे म्हणवणार नाहीत, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. किती किलोमीटरचे उतार आणि किती लिफ्ट (डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे वगैरे), हे आकडे दोन्हीकडच्या नकाशांवर ठळक छापलेले असतात. सहा दिवसांत त्यांतला अर्धा भागही कोणाचा पुरा होत नाही, म्हणून त्यांत शिरत नाही.

उंचीचा आकडा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण दोन्ही ठिकाणे ‘उंचावरची’ म्हणवली जातात ती वेगवेगळ्या अर्थांनी. झेरमाट गाव सुमारे १,६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकेच उंच. परंतु तिथून निघालेली लिफ्ट क्लाइन मॅटरहॉर्न या शिखरावर ३,८८३ मीटरपर्यंत जाते. व्हाल तोरांस हे गावच २,३०० मीटरवर वसवलेले आहे, युरोपातल्या स्कीच्या गावांत सर्वांत उंच, आणि त्याच्या लिफ्ट ३,२०० मीटरच्या आसपास थांबतात. थोडक्यात, झेरमाटचा माथा उंच आहे आणि व्हाल तोरांसचा पायथा उंच आहे. नुसत्या बर्फाचा विचार केला तर पायथ्याची उंची अधिक उपयोगाची ठरते, असे माझे मत आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यामुळे मार्चमधल्या एखाद्या उबदार दिवशी झेरमाटच्या गल्ल्यांत पाऊस पडत असताना व्हाल तोरांसच्या दारात हिमवर्षाव चालू असू शकतो. तिथे सकाळी खोलीबाहेर पडून दारातच स्की पायांत अडकवता येतात आणि संध्याकाळी दारापर्यंत घसरत येता येते. हे सुख झेरमाटमध्ये फारच थोड्यांच्या वाट्याला येते.

झेरमाटच्या बाजूने नेहमी सांगितली जाते ती थिओडुल हिमनदी, जिच्यावर वर्षभर, अगदी जुलैतही, स्कीइंग चालते. हिमनदी आहे म्हणून बर्फाची चिंता नाही, असे मात्र समजू नये. झेरमाटहून इटलीतल्या चेर्विनियाकडे उतरणारी विश्वचषकाची डाउनहिल शर्यत २०२२ मध्ये ऑक्टोबरअखेरीस व्हायची होती, ती खालच्या टप्प्यात पुरेसा बर्फ नसल्यामुळे रद्द झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा ठरली, तेव्हा बर्फ भरपूर पडला, पण वाऱ्यामुळे आणि त्या बर्फामुळेच रद्द करावी लागली. इतक्या उंचावर प्रश्न नुसता बर्फ असण्याचा राहत नाही, त्या बर्फापर्यंत पोहोचता येते का, हाही तितकाच मोठा प्रश्न असतो. पुढे जे लिहिणार आहे, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

आधी बर्फाच्या प्रतीबद्दल. झेरमाटला चार हजार मीटरच्या शिखरांनी सर्व बाजूंनी घेरलेले असल्यामुळे हे खोरे तसे कोरडे आहे. पश्चिमेकडून आलेले ढग तिथे पोहोचेपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात. दक्षिणेकडून, इटलीच्या बाजूने, ओल घेऊन वारे आले म्हणजे मात्र तिथे अचानक अफाट बर्फ कोसळतो. जानेवारी २०१८ मध्ये असाच बर्फ पडून रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाल्या आणि सुमारे तेरा हजार पर्यटक गावात अडकून पडले होते. व्हाल तोरांसला पश्चिमेचे ढग जास्त थेट भेटतात, त्यामुळे माझ्या अनुभवात तिथला ताजा बर्फ अधिक वेळा पडणारा आणि अधिक एकसारखा आहे. झेरमाटला तीन हजार मीटरच्या वरचा थंड, कोरडा, पिठासारखा बर्फ अप्रतिम असतो, पण गावाकडे उतरणाऱ्या शेवटच्या टप्प्याबद्दल तसे म्हणता येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सकाळी नऊ वाजता हा उतार काचेसारखा कडक असतो आणि स्कीच्या कडा त्यावर नुसत्या खरवडत जातात. अकराच्या सुमारास तो नेमका मऊ होतो, तो तास-दीड तास सोन्यासारखा. आणि दुपारी दोननंतर त्याचा भिजवलेला साबुदाणा होतो, दाणा वेगळा पण पाण्याने जड झालेला, ज्यात थकलेले गुडघे वळायला तयार होत नाहीत. अशा वेळी शेवटचा टप्पा लिफ्टने खाली यावे, त्यात कमीपणा मानू नये.

येथपर्यंत वाचून वाचकाला वाटेल की पारडे व्हाल तोरांसकडे झुकते आहे. पहिल्या मुक्कामाच्या वेळी, पहिल्या दिवशी, मलाही तसेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी ढग खाली आले.

गावाची उंची झाडांच्या सीमेच्या वर असल्यामुळे व्हाल तोरांसच्या आसपास एकही रान नाही. स्वच्छ उन्हात ती पांढरी वाडगी डोळ्यांचे पारणे फेडते, परंतु ढग उतरले आणि हिमवर्षाव सुरू झाला की त्याच वाडगीत नजर ठरायला काही उरत नाही. उजेड असतो, पण तो सगळीकडून सारखाच येतो, त्यामुळे सावली नाहीशी होते, आणि सावलीशिवाय उंचवटा कोणता आणि खळगा कोणता हे डोळ्यांना कळत नाही. खालचा बर्फ आणि वरचे ढग यांच्या मधली रेघ पुसली जाते. इंग्रजीत याला ‘फ्लॅट लाइट’ म्हणतात. मी त्याला सपाट उजेड म्हणतो. त्या दिवशी एका साध्या निळ्या उतारावर आपण अजून खाली सरकतो आहोत अशा समजुतीने मी तोल सावरायला गेलो आणि उभ्या जागी पडलो. प्रत्यक्षात मी काही क्षणांपूर्वीच थांबलो होतो. डोळ्यांना गती कळत नाही तेव्हा कान आणि पाय जे सांगतात त्यावर मेंदूचा विश्वास बसत नाही, आणि काही वेळाने घाटातल्या एस.टी.त होते तशी मळमळ सुरू होते.

फ्रान्समध्ये उताराच्या दोन्ही कडांना रंगीत गोल पाट्यांचे खांब असतात. त्यांवर क्रमांक असतात, ते खाली जाताना कमी होत जातात, आणि उतरताना उजव्या हाताला येणाऱ्या खांबांचा शेंडा नारिंगी असतो. ही योजना अशाच दिवसांसाठी केलेली आहे आणि तिची किंमत मला त्या दिवशी कळली. मी सतराव्या खांबाला हात लावून उभा राहायचो, पत्नी हळूहळू खाली सरकून पुढचा खांब शोधायची आणि हाक मारायची, “थांब, मला सोळा दिसतोय, तू आवाजावर ये.” तिचे लाल जाकीट दहा पावलांवर विरघळून जात होते. सोळा, पंधरा, चौदा असे मोजत आम्ही एकपर्यंत पोहोचलो तेव्हा जो उतार आदल्या दिवशी पाच-सहा मिनिटांत संपला होता, त्याला पाऊण तास लागला होता. हवामान आणखी दोन दिवस तसेच राहिले. सहा दिवसांच्या पासातले तीन दिवस असे गेले, आणि खेद याचा, की बर्फाच्या दृष्टीने आठवड्यातले सर्वांत उत्तम दिवस तेच होते. बाहेर गुडघाभर नवी पावडर साचत होती आणि आम्ही खोलीच्या खिडकीतून तिच्याकडे बघत होतो.

जाणकार सांगतात की अशा दिवशी शेजारच्या खोऱ्यांतल्या मेरिबेल किंवा कूर्शेव्हेलच्या रानातल्या उतारांवर जावे, तिन्ही खोऱ्यांचा पास घेतला असेल तर तोच चालतो. सल्ला योग्य आहे. अडचण इतकीच, की तिकडे जायला मधली उंच धार ओलांडावी लागते, आणि ज्या ढगांमुळे आणि वाऱ्यामुळे तिकडे जावेसे वाटते, त्यांच्यामुळेच धारेवरच्या लिफ्ट बऱ्याचदा बंद असतात. आम्ही दोन्ही दिवशी सकाळी फलकासमोर उभे राहून परतलो.

झेरमाटला वाईट दिवस येत नाहीत असे नाही. उलट वाऱ्याच्या बाबतीत ते अधिक नाजूक आहे. क्लाइन मॅटरहॉर्नच्या आणि इटलीकडे जाणाऱ्या वरच्या लिफ्ट वाऱ्याने वारंवार बंद पडतात. दुपारी चेर्विनियाच्या बाजूला असताना वरचा दुवा बंद झाला तर रस्त्याने परत यायला कित्येक तासांचा वळसा पडतो, म्हणून आकाशाचा भरवसा नसेल त्या दिवशी मी सीमा ओलांडत नाही. पण वाईट दिवशी काय उरते, हा माझ्यापुरता कळीचा प्रश्न आहे, आणि तिथे झेरमाट वेगळे ठरते. गावाच्या वरच्या सुनेगा या ठिकाणी जाणारी फ्युनिक्युलर (दोरखंडाने ओढली जाणारी चढाची रेल्वे) पूर्णपणे डोंगराच्या पोटातून, बोगद्यातून जाते, आणि गावातून काही मिनिटांत २,२८८ मीटरवर नेऊन सोडते. तिला वारा लागतच नाही. गोर्नेरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८ पासून विजेवर चालते आणि ज्या वाऱ्यात तारेवरचे पाळणे थांबतात त्या वाऱ्यातही ती बहुधा चालू असते. हिमस्खलनाचा धोका फार वाढला तर तीही थांबवली जाते, हे लक्षात ठेवावे.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाडे. सुनेगाच्या खालच्या अंगाला गावाकडे उतरणारे रस्ते लार्च आणि अरोला पाइनच्या रानातून जातात. लार्चची पाने हिवाळ्यात गळालेली असतात, आणि ते काळेभोर उघडे बुंधे सपाट उजेडातही स्पष्ट दिसतात. बुंधा दिसला की त्याच्या पायाशी जमीन कुठे आहे ते कळते, दोन बुंध्यांमधून उताराचा कल कळतो, आणि आपला वेगही कळतो. आमच्या झेरमाटच्या मुक्कामात चौथ्या दिवशी असाच बर्फ पडला. वरचे सगळे बंद होते, पण आम्ही बोगद्यातून सुनेगाला जाऊन त्या रानातले तेच ते दोन-तीन उतार दिवसभर उतरत राहिलो. फांद्यांवरचा बर्फ मधूनच धप्प आवाज करून खाली येत होता, समोर पाइनच्या खोडांची रांग दिसत होती, आणि घोट्याच्या वर ताजा बर्फ होता. सबंध आठवड्यातला मला सर्वांत स्पष्ट आठवणारा दिवस तोच आहे, जरी त्या दिवशी झेरमाटची ओळख असलेल्या मॅटरहॉर्न शिखराचे दर्शन एकदाही झाले नाही. एका आठवड्याच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही, हे मान्य आहे. आमच्या परिचयातले एक कुटुंब व्हाल तोरांसला चार वेळा जाऊन आले आणि त्यांना एकदाही दोन दिवसांहून अधिक ढग मिळाले नाहीत.

काही जणांना मी आजही निःसंकोचपणे व्हाल तोरांस सुचवीन. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा एप्रिलच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांनी पायथ्याच्या उंचीचा फायदा सोडू नये. लहान मुले बरोबर असतील तर फ्रान्समधले हिरवे, म्हणजे सर्वांत सोपे, उतार मोठा आधार देतात. स्वित्झर्लंडमध्ये वर्गीकरण निळ्यापासूनच सुरू होते आणि झेरमाटचे काही निळे उतार नवख्यांना धाक घालतील असे आहेत. खर्चाचा फरकही मोठा आहे : तिकडे स्वयंपाकघरासह छोटी खोली घेऊन घरचा वरणभात खाता येतो, तर झेरमाटमध्ये डोंगरावर दुपारी सूप आणि पाव घेतानाही हात आखडतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र २,३०० मीटरवर झोपण्याआधी डॉक्टरांना विचारावे. माझ्या पत्नीला तिथे पहिल्या दोन रात्री डोकेदुखीने झोप लागली नव्हती, आणि झेरमाटला तसे काही झाले नाही.

व्हाल तोरांसच ठरले तर गॉगलची कमी उजेडासाठीची पिवळट किंवा गुलाबी लेन्स वेगळी जवळ ठेवावी, आणि शक्य असेल तर सहा दिवसांचा पास आगाऊ न घेता अंदाज बघून दोन-तीन दिवसांचे घ्यावेत; दर थोडा जास्त पडतो, पण खिडकीत बसून वाया जाणाऱ्या दिवसांचे पैसे तरी वाचतात. झेरमाट ठरले तर खोली कुठे आहे याकडे गावातल्या देखाव्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे. हिमनदीकडे जाणारी लिफ्ट गावाच्या दक्षिण टोकाला आहे, आणि स्की खांद्यावर घेऊन, कडक बुटांत, गोठलेल्या फरशीवरून वीस मिनिटे चालणे हे रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी करावे लागते. मोटारी गावात येत नाहीत, त्या खाली टेश गावात ठेवाव्या लागतात, आणि विजेवरच्या छोट्या बस सकाळी खचाखच भरलेल्या असतात.

पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी आम्ही पुन्हा झेरमाटलाच खोली घेतली आहे. या वेळी ती नदीच्या पलीकडे, सुनेगाच्या बोगद्याच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मॅटरहॉर्न तिथून दिसत नाही, असे घरमालकीणबाईंनी आधीच कळवले आहे.