टु बी ऑर नॉट टु बी (१९४२) ब्लू-रे: भालदार-चोपदारांसाठी घ्या

आधीच सांगते, मी सिनेमावाली नाही, नाटकवाली आहे, आणि त्यातही प्रॉम्प्टर. बारा वर्षं आमच्या हौशी ग्रुपमधे विंगेत स्टुलावर बसून वही धरलीय, हिरोची वाक्यं हिरोपेक्षा मला जास्त पाठ असायची आणि कौतुक अर्थातच त्याचं व्हायचं. त्यामुळे या डिस्कबद्दल जे काय लिहितेय ते विंगेतून दिसतं तसंच येणार, आडव्या बाजूने.

डिस्क कुठली, तर दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचा 'टु बी ऑर नॉट टु बी', क्रायटेरियन कलेक्शन या जुने गाजलेले पिक्चर डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१३ मधे काढलेली ब्लू-रे. आपल्याकडे हे वाक्य म्हटलं की डायरेक्ट नटसम्राट आणि बेलवलकर, त्यामुळे आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तर दोघांनी लगेच रडण्याचे इमोजी टाकले. अरे बाबांनो, कॉमेडी आहे ही. वॉर्सामधली एक नाटक कंपनी, साल १९३९, हिटलर पोलंडमधे घुसतो आणि ही भांडकुदळ, एकमेकांच्या लाफ्टरवर जळणारी नट मंडळी नाझींना फसवायला नाझींचेच कपडे घालून फिरतात. कपडे, मिशा, दाढ्या सगळं कंपनीच्या पेटाऱ्यातलं. बस, एवढीच गोष्ट. ९९ मिनिटं.

मी यात अडकले ती एका प्रॉम्प्टरमुळेच. कंपनीचा मुख्य नट जोसेफ टुरा हॅम्लेट करतोय, काळे कपडे, हातात पुस्तक, हळूहळू पुढे येतो, थांबतो, चांगला लांबलचक पॉज घेतो, आणि तेवढ्यात खालून प्रॉम्प्टर बिचारा घाबरून कुजबुजतो, टु बी ऑर नॉट टु बी! जगातलं सगळ्यात फेमस वाक्य आणि ते नटाला आठवत नसेल अशी शंका घेतली. टुरा त्याच्याकडे जो काय बघतो ना. ती नजर मी खाल्लेली आहे. राज्य नाट्यच्या प्राथमिक फेरीला खाल्लेली आहे. आणि मग टुरा बोलायला सुरुवात करतो न करतो तोच प्रेक्षकांतला एक तरणाबांड अधिकारी उठतो आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर चालू पडतो, बायकोला भेटायला, म्हणजे टुराच्याच बायकोला, मेकअप रूममधे. स्वगत चालू आहे तोवर नवरा काही स्टेज सोडून येत नाही, हे गणित.

हा टुरा म्हणजे जॅक बेनी, अमेरिकेतला तेव्हाचा रेडिओचा मोठा विनोदी स्टार. त्याचा एक किस्सा तो स्वतःच सांगायचा, वडील सिनेमा बघायला गेले आणि पोरगा नाझी युनिफॉर्ममधे दिसल्याबरोबर उठून निघून आले, बोलेचनात. (बेनीचं खरं आडनाव कुबेल्स्की, घर ज्यू.) मग त्याने समजूत घालून परत पाठवलं तर म्हणे पुढे त्यांनी तो ४६ वेळा बघितला. मारिया टुरा म्हणजे कॅरोल लोम्बार्ड. पहिलीच एंट्री बघा, तालमीत ही बाई चमचमता सॅटीनचा गाऊन घालून येते आणि निर्मात्याला विचारते की छळछावणीच्या सीनला हा घालू का, कॉन्ट्रास्ट मस्त येईल. ती हे इतकं सिरीयसली विचारते! आमच्या ग्रुपमधे झोपडपट्टीच्या सीनला पैठणी नेसू का म्हणून विचारणारी बाई मी स्वतः पाहिलीय, त्यामुळे मी इथे पॉज करून पाच मिनिटं हसले.

पण लोम्बार्डचं पुढचं कळलं की हसू अडकतं. शूटिंग डिसेंबर १९४१ मधे संपलं, मधेच पर्ल हार्बर झालं होतं. ती युद्धाचे बॉण्ड विकायला इंडियानाला गेली, आणि १६ जानेवारी १९४२ ला परत येताना लास वेगासजवळ विमान डोंगरावर आदळलं. सोबत आई होती. वय ३३. सिनेमात तिचं एक वाक्य होतं, विमानात असं काय होणारे अशा अर्थाचं, ते रिलीजच्या आधी काढून टाकलं. लोकांनी पिक्चर बघितला तेव्हा हिरॉईन जाऊन महिनाही जेमतेम झाला होता, वर विषय हिटलर, कोण हसणार? टीकाकारांनी तर झोडपलंच. नाझी कर्नल म्हणतो ना की टुराने शेक्सपियरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय, त्या वाक्यावर तर फारच दंगा झाला. लुबिचने न्यूयॉर्क टाइम्समधे स्वतः लेख लिहून उत्तर दिलं होतं, तो लेख या डिस्कसोबतच्या पुस्तिकेत छापलाय. मला विचाराल तर अर्धे पैसे इथेच वसूल.

आता मूळ मुद्दा. लीडबद्दल सगळेच लिहितात. मला या डिस्कने काय दिलं तर भालदार-चोपदार. ग्रीनबर्ग आणि ब्रॉन्स्की असे दोन नट आहेत कंपनीत, हॅम्लेटमधे नुसते भाले घेऊन उभे राहणारे, वाक्य एक नाही. ग्रीनबर्गचं स्वप्न काय तर शायलॉक करायचा, म्हणजे शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला ज्यू सावकार. विंगेत भाला धरून उभा असताना तो ब्रॉन्स्कीला शायलॉकचं ते भाषण म्हणून दाखवतो, आम्हाला टोचलं तर रक्त येत नाही का, ते. मग शहर बॉम्बने उद्ध्वस्त झाल्यावर, बर्फ उपसताना तेच भाषण पुन्हा, पण आता आवाज बसलेला. आणि तिसऱ्यांदा कुठे म्हणतो ते नाही सांगत, तेवढं तुम्ही बघाच. एक नट, एक भाषण, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. आमच्याकडे शिबिरं घेतात यावर आणि तरी येत नाही.

हे काम करणारा फेलिक्स ब्रेसार्ट स्वतः पूर्व प्रशियातला ज्यू, नाझी आले तेव्हा जर्मनी सोडलेला. त्याच्या भाषणात मूळ शेक्सपियरमधला ज्यू हा शब्दच ठेवलेला नाहीये. मग ग्रीनबर्ग ज्यू आहे हे कळतं कसं, तर एका जोकमधून. कंपनीत राविच नावाचा एक जोरदार ओव्हरॲक्टिंग करणारा नट आहे (लायनेल ॲटविल, हॉरर पिक्चरवाला, इथे काय सुटलाय!), त्याला ग्रीनबर्ग म्हणतो की तुम्ही जे आहात ते मी खात नाही. राविच भडकतो, मला हॅम म्हणतोस? इंग्रजीत हॅम म्हणजे डुकराचं मांसही आणि भडक नटही. एका वाक्यात धर्मही सांगितला, सिनियरची लायकीही काढली आणि लाफ्टरही घेतला. मराठीत याचं भाषांतर करून दाखवा कोणीतरी, मी हरले.

ब्रॉन्स्की हिटलरचा रोल करतो. सुरुवातीलाच वॉर्साच्या रस्त्यात हिटलर एकटा उभा दिसतो आणि लोक गोळा होतात. भानगड अशी की तालमीत निर्माता म्हणालेला असतो, हा हिटलर वाटतच नाही, मिशीवाला सामान्य माणूस वाटतो, मग भिंतीवरच्या हिटलरच्या फोटोकडे बोट दाखवून सांगतो, असा दिसायला पाहिजे, आणि ब्रॉन्स्की पडेल चेहऱ्याने म्हणतो, तो फोटो माझाच काढलाय. म्हणून चिडून तो रस्त्यावर जाऊन उभा. आणि शेवटी एक छोटी मुलगी त्याच्याकडे येते, मिस्टर ब्रॉन्स्की, सही द्या ना. टॉम डुगनचा चेहरा बघा तिथे. नटाचा पार कचरा.

गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, कर्नल एअरहार्ट करणारा सिग रुमान हॅम्बुर्गचा, मार्क्स ब्रदर्सच्या पिक्चरमधे मार खाणारा भपकेबाज माणूस म्हणून फेमस. काही चुकलं की हा ओरडतो 'शुल्ट्झ!' आणि खापर खालच्या माणसावर. आमच्या घरी आता कुकरच्या शिट्ट्या चुकल्या तरी शुल्ट्झ ओरडतात.

कॅमेऱ्यामागची मंडळी तर बघा. मूळ कथा मेल्खिओर लेंग्येल, हंगेरियन. पटकथा एडविन जस्टस मेयर. कॅमेरा रुडॉल्फ माते, जन्म क्राकोचा, डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या जोन ऑफ आर्कवरच्या मूकपटाचं छायाचित्रण याचंच. सेट व्हिन्सेंट कोर्डा, तोही हंगेरियन, हॉलिवूडमधे बसून वॉर्सा उभं केलं. सुरुवातीला दुकानांच्या पाट्या दिसतात, लुबिन्स्की, कुबिन्स्की, एकापाठोपाठ, निवेदक वाचून दाखवतो आणि गंमत वाटते. बॉम्बवर्षावानंतर त्याच पाट्या, फुटलेल्या. एक शब्द जास्तीचा नाही. संगीत वर्नर हायमान, जर्मनीतून बाहेर पडावं लागलेला ज्यू, आणि या पिक्चरला ऑस्करचं एकच नॉमिनेशन मिळालं ते त्याच्या संगीताला. एडिटिंग डोरोथी स्पेन्सर, बाई, आणि कॉमेडीत पॉज कुठे तोडायचा हे जिला कळतं तिला माझा साष्टांग. लुबिच तर बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा, नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत बारीकसारीक कामं केलेला, म्हणजे हाही एके काळचा भालदारच की! नाझींनी १९३५ मधे त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. हे सगळं आधी माहीत नव्हतं, श्रेयनामावली पॉज करकरून एकेक नाव शोधत बसले तेव्हा कळलं.

आता डिस्क म्हणून. प्रिंट मस्त आहे, २के रिस्टोरेशन (म्हणजे जुनी फिल्म डिजिटल करून साफ केलेली), काळ्याचा काळा आणि लोम्बार्डच्या गाऊनची चमक दोन्ही शाबूत. आवाज मोनो, पण स्वच्छ. इंग्रजी सबटायटल्स आहेत आणि ती लावाच, हे लोक इतकं भराभर बोलतात की एक जोक हसण्यात गेला की पुढचे दोन निसटतात. सिनेमाचा अभ्यासक डेव्हिड कॅलटची कॉमेंट्री आहे, माहितीचा धबधबा, पण पिक्चर दोनदा बघून झाल्यावरच लावा. लुबिचवरची एक फ्रेंच डॉक्युमेंटरी आहे, ठीक. रेडिओचे दोन एपिसोड आहेत, त्यातला एक याच कथेचा, हॉलिवूडचा नट विल्यम पॉवेलला घेऊन केलेला, आणि तो ऐकला की कळतं यातली किती गंमत नुसती बघण्याची होती, रेडिओवर अर्धी उडून जाते. सगळ्यात भारी म्हणजे १९१६ चा एक मूकपट दिलाय, लुबिचने स्वतः काम केलेला, चपलाबुटांच्या दुकानातला आगाऊ पोरगा. हा माणूस स्वतः काय नट होता ते तिथे दिसतं, आणि खरं सांगू का, तोसुद्धा राविचसारखाच थोडा हॅम होता.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना, ब्लू-रेसाठी जगाचे रिजन पाडलेत आणि ही डिस्क रिजन ए ची, आपला भारत रिजन सी मधे येतो, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही, मल्टीरिजन प्लेअर लागतो. मी हे न बघता मागवली, माझीच चूक, मग भाच्याकडच्या प्लेअरवर बघितली. आणि कुरियरवाल्याने (नाव नको) पाकीट असं काही आपटलं होतं की केसचा कोपरा उडालेला, डिस्क वाचली हे नशीब. किंमत आपल्या मानाने जास्तच आहे, कस्टम वगैरे धरून तर घरी आकडा मी अजून सांगितलेला नाही.

याच कथेवरून आपल्याकडे २००८ मधे 'मान गये मुघल-ए-आझम' आला होता, गोव्यात घडणारा, तो बघून या पिक्चरबद्दल मत बनवू नका एवढंच म्हणेन. १९८३ चा मेल ब्रूक्सवाला रिमेक बरा आहे, पण त्यात मला ती थंडी वाजत नाही.

डिस्क सध्या माझ्याकडे नाही. आमच्या ग्रुपमधे एक काका आहेत, साठी उलटलेले, तीस वर्षं पोस्टमन, हवालदार आणि दुसरा गावकरी हेच करतायत, त्यांना मुद्दाम दिली, प्लेअरसकट. रात्री साडेअकराला फोन. म्हणाले, "अगं तो भालेवाला, ग्रीनबर्ग, त्याला पुढे मोठे रोल मिळाले का गं?" मी म्हटलं काका, उलटं आहे, जर्मनीत आधी तो मोठे रोल करायचा, हिटलर आल्यावर सोडून यावं लागलं, इकडे मग असलीच कामं, १९४९ मधे गेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग उद्या परत एकदा बघतो, परवा देतो."

तीन आठवडे झाले त्याला.