गाडीचं खरं वजन कळलं तेव्हा: एस्केपीज आरव्ही क्लबचं सभासदत्व, तिसरं वर्ष

मे २०२३. पश्चिम टेक्सासमधलं ओझोना मागे टाकून आम्ही आमच्या मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, आय-१० हायवेवरून फोर्ट स्टॉकटनकडे निघालो होतो. ऊन असं की पुढचा रस्ता ओला असल्यासारखा चमकत होता. एकदम मागून बार उडाल्यासारखा आवाज आला आणि गाडी उजवीकडे ओढ घ्यायला लागली. ह्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं आणि वेग आपोआप उतरू दिला, म्हणून आम्ही दोघं धड खाली उतरलो.

उजवीकडचा मागचा आतला टायर फुटला होता. फुटताना त्याच्या रबराच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा उचकटला आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइपही तोडला. आमच्याकडे रस्त्यावरच्या मदतीचा एक प्लॅन होता, त्याचे पैसे दरवर्षी न चुकता भरत होतो. फोन केला तर पलीकडून सांगितलं की मागे जोडचाकं असलेली गाडी त्यात बसत नाही. पाच तास त्या उन्हात थांबलो. शेवटी फोर्ट स्टॉकटनहून एक टायरवाला आला. त्याने टॉर्च मारून टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले, ०९१४. म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा. वरची नक्षी चांगली खोल होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण बाजूला, रिमजवळ, भेगा पडलेल्या टाचेसारख्या बारीक चिरा होत्या. तो म्हणाला, मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात.

आमची गाडी २०१४ची, एकोणतीस फुटी क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, आमची फोर्ड ई-४५० च्या. रिटायर झाल्यावर २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली आणि त्याच वर्षी ह्यूस्टनजवळच्या केटीतलं घर विकून टाकलं. तेव्हापासून हेच घर. घेताना आम्ही पडदे पाहिले, गाद्या पाहिल्या, शेगडी पेटवून पाहिली. टायरची तारीख आणि ड्रायव्हरच्या दारावरचा वजनाचा स्टिकर, हे दोन्ही वाचायचे असतात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. विकणाऱ्याने तर नाहीच.

सहाही टायर नवे घातले आणि डेव्हिस माउंटन्सच्या स्टेट पार्कात दोन दिवस विसावलो. शेजारच्या गाडीतल्या जोडप्याला हकीकत सांगितली, तर त्या बाईंचा पहिला प्रश्न होता, "वजन केलंय का कधी?" नाही म्हटल्यावर त्यांनी एस्केपीजचं नाव सांगितलं, आरव्ही म्हणजे अशा राहत्या गाड्या असलेल्यांचा क्लब. या क्लबबद्दल मराठीत कुठे वाचलं नाही आणि आपली बरीच माणसं आता निवृत्तीनंतर गाडी घेऊन फिरायचं म्हणताहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लब १९७८ पासूनचा आहे, जो आणि के पीटरसन या दांपत्याने सुरू केलेला. मुख्य ठिकाण टेक्सासमधलं लिव्हिंग्स्टन, ह्यूस्टनहून हायवे ५९ ने उत्तरेला सव्वा तासावर, पाइनच्या झाडांत. सभासद स्वतःला एसकेपी म्हणवतात. तीन अक्षरं भराभर म्हणून पाहा, एस्केपी ऐकू येतं. फी आम्ही भरली तेव्हा वर्षाला पन्नास डॉलरच्या आसपास होती. अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करायच्या पार्कातली सवलत, निरनिराळ्या आवडींचे गट, वार्षिक मेळावा, फुकट किंवा स्वस्तात मुक्काम करता येईल अशा जागांची डेज एंड नावाची यादी, हे सगळं त्यात आहे. सवलतीच्या हिशोबाने बोलायचं तर वर्षात दहा दिवस फिरणाऱ्याला केओए किंवा गुड सॅम या कॅम्पिंगवाल्यांची दहा टक्क्यांची सवलत पुरते आणि त्यांची पार्कं सापडतातही जास्त. सवलतीसाठी हा क्लब घ्या असं मी सांगणार नाही.

घ्यावा तो वजनासाठी.

ट्रकच्या मोठ्या काट्यावर गाडी नेली तर पुढच्या आसावर (ॲक्सलवर) किती आणि मागच्यावर किती, एवढंच कळतं. क्लबची लिव्हिंग्स्टनला स्मार्टवे नावाची सोय आहे, तिथे प्रत्येक चाकाच्या जागेचं वजन वेगळं करतात. फी वेगळी पडते. आम्ही सभासद झालो आणि गाडी तिथे नेली. वजन करणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे असतील. गुडघ्यावर बसून एकेका चाकापाशी गेले, हवा मोजली, दारावरच्या स्टिकरचे आकडे उतरवून घेतले. मग आम्हाला सावलीतल्या बाकावर बसवलं आणि कागदावर वरून पाहिल्यासारखी गाडी काढली. चार कोपऱ्यांत चार आकडे लिहिले. पुढे डावीकडे २,२४० पौंड, पुढे उजवीकडे २,०८०. मागे डावीकडे ४,९१०, मागे उजवीकडे ५,३८०.

एकूण १४,६१०. स्टिकरवरची मर्यादा १४,५००. मी म्हटलं, एकशे दहा पौंड म्हणजे पन्नास किलो, एवढ्याने काय होतंय? त्यांनी पेन्सिलीने मागच्या दोन आकड्यांभोवती गोल काढला. मागच्या आसाची मर्यादा ९,६००, आमचा भार १०,२९०. आणि मग उजवीकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आमचे टायर एलटी २२५/७५आर१६ मापाचे, लोड रेंज (भार पेलायचा दर्जा) ई. जोडीत लावल्यावर हवेच्या पूर्ण ८० पीएसआय दाबाला एक टायर जास्तीत जास्त २,४७० पौंड पेलतो. दोन मिळून ४,९४०. डावीकडे आम्ही तीस पौंडांनी वाचत होतो. उजवीकडे ४४० पौंड जास्त. टायर फुटला होता तो बरोबर त्याच कोपऱ्यावरचा.

हे बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. नऊ वर्षांचे जुने टायर, त्यावर हा बोजा, त्यावर पश्चिम टेक्सासचं ऊन. आता सगळं जुळत होतं. साध्या काट्यावर गेलो असतो तर मागे जड आहे एवढंच कळलं असतं, उजवीकडचा हा प्रकार कळला नसता.

मग आजोबा म्हणाले, चला, घर दाखवा. मी दाखवलं. उजव्या बाजूला स्वयंपाकघर, फ्रीज आणि कपाट. कपाटात वीस पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या, कणकेच्या दोन, डाळी, इडलीचा टेबलटॉप ग्राइंडर आणि सासूबाईंचा दगडी खलबत्ता. पलंगाखाली एका खोक्यात दिवाळी अंक, वीस वर्षांचे निवडून ठेवलेले, पासष्ट पौंड भरले. गाडीच्या शेपटाला लावलेल्या रॅकवर दोन सायकली आणि अवजारांची पेटी. त्यांनी सांगितलं की मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेलं वजन सगळ्यात वाईट. ते तरफेसारखं काम करतं, पुढची चाकं उचलतं आणि स्वतःच्या वजनाहून जास्त भार मागच्या आसावर टाकतं. आणि पाण्याची टाकी, तीही मागेच. चाळीस गॅलन भरलेली. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे ३३४ पौंड पाणी आम्ही एका नळावरून दुसऱ्या नळापर्यंत उगीच वाहत होतो. आपल्याकडे घराबाहेर पडताना पाणी भरून घ्यायची सवय, ती मी गाडीतही पाळत होते. आता वाटेपुरतं दहा गॅलन ठेवतो. जिथे नळजोड नसेल तिथे जाताना शेवटच्या गावात टाकी भरायची आणि पुढे सावकाश जायचं.

सायकली लेकीकडे ऑस्टिनला गेल्या. ग्राइंडर आणि अंकांचं खोकं ह्यूस्टनच्या मैत्रिणीकडे. खलबत्ता ठेवला, पण डावीकडे, पुढच्या सीटमागे. तांदूळ दहा पौंडांच्या वर घेत नाही, वाटेत मिळतो. पुन्हा वजन केलं तेव्हा मागचा आस ९,४२० आणि उजवा कोपरा ४,८२०. त्या आठवड्यात अमरिलोकडे जाताना आडव्या वाऱ्यातही स्टिअरिंग हातात बसलेलं होतं. आधी ह्यांचे खांदे दुखायचे, ते वयाचं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

दुसरी गोष्ट पत्त्याची. घर विकलं की माणूस कुठला, हा प्रश्न सरकारला पडतो. गाडीची नोंदणी, लायसन्स, मतदान, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), सगळ्याला पत्ता लागतो. क्लबची पत्रसेवा लिव्हिंग्स्टनला आहे, तिथला पत्ता आणि तुमचा स्वतःचा क्रमांक मिळतो. त्यासाठी पोस्ट खात्याचा फॉर्म १५८३ भरून द्यावा लागतो, नोटरीसमोर. हजारो माणसं कागदोपत्री या एका छोट्या गावची, पोक काउंटीची मतदार आहेत, त्यात आता आम्ही दोघं. पुढे कुठे असू ते कळवलं की पत्रांचा गठ्ठा तिथल्या पोस्ट ऑफिसात जनरल डिलिव्हरीने येतो, आपण खिडकीवरून उचलायचा. एलआयसीची नोटीस मला कोलोरॅडोत गनिसनच्या पोस्टात मिळाली, आणि त्या खिडकीशी उभं राहून पाकिटावरचं पुण्याचं नाव वाचताना फार बरं वाटलं.

इथे एक सावधगिरी सांगते. काही बँका असा पत्ता राहता पत्ता म्हणून मानत नाहीत. आमच्या इथल्या बँकेने खातं गोठवायची भाषा केली होती. शेवटी तिथे लेकीचा पत्ता दिला. घर विकण्याआधी बँकेला विचारून घ्या, आणि भारतातल्या खात्याचं केवायसी तेव्हाच नवं करून टाका. टेक्सासचाच पत्ता ठेवायला आम्हाला आणखी एक कारण मिळालं. १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी इथे बंद झाली, त्यामुळे तेवढ्यासाठी परत यावं लागत नाही. अर्थात ती बंद झाली म्हणजे टायर, ब्रेक आणि दिवे आता आपणच तपासायचे. हे ते काम दर पहिल्या तारखेला करतात आणि वहीत लिहितात.

रोजच्या संसाराच्या बारीकसारीक गोष्टी मला क्लबमधल्याच बायकांनी शिकवल्या. मैल्याच्या टाकीची झडप पार्कात असतानाही बंद ठेवायची आणि टाकी दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची, नाहीतर पाणी निघून जातं आणि घट्ट ते तळाशी साठत राहतं. आधी मैला, मग आंघोळीचं साबणाचं पाणी, म्हणजे नळी धुऊन निघते. छतावरच्या जोडांचं सीलंट वर्षातून दोनदा हाताने चाचपून पाहायचं. फोडणी करताना छताचा पंखा आधी लावायचा. मोहरी तडतडायच्या आत नाही लावला तर धुराचा भोंगा वाजतो आणि अख्खा पार्क जागा होतो. गॅससकट बाल्टिमोरच्या बोगद्यांतून जाता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नसतं तर आम्ही थेट तोंडाशी जाऊन उभे राहिलो असतो.

आणि तिसरी गोष्ट, जी पाहून मी लिव्हिंग्स्टनला एक दिवस जास्त राहिले. तिथे केअर नावाचं केंद्र आहे. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांना गाडी चालवणं जमत नाही असे सभासद आपल्याच गाडीत, आपल्याच अंथरुणावर तिथे राहतात. जेवण, डॉक्टरकडे नेणं-आणणं, रोजच्या कामात हातभार, हे केंद्र बघतं. एक बाई भेटल्या, नवरा गेल्यावर सहा वर्षं त्यांची गाडी तिथेच उभी. चाकांवर पांढरी कव्हरं, ती त्या स्वतः धुतात. मला बघून त्यांनी मिठी मारली, ही तिथली रीत. मी नमस्काराला हात जोडले होते, ते तसेच त्यांच्या मिठीत राहिले. पुण्याला आईच्या शेवटच्या दिवसांत तिला स्वतःच्या खोलीतून हलवावं लागलं होतं, ते तेव्हा आठवलं. अशी व्यवस्था उभी करणाऱ्या क्लबला मी सवलतींच्या तक्त्यावर तोलू शकत नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा की रस्त्यावरच्या मदतीचा विमा सभासदत्वाच्या फीत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. घेताना आपल्या गाडीची लांबी, वजन आणि जोडचाकं सांगून लेखी होकार मागा. पत्रसेवेचे पैसेही वेगळे. कामावर असाल आणि गाडी वर्षातून दोन लाँग वीकेंडला निघत असेल तर फक्त वजन करून घ्या, बाकी थांबलं तरी चालेल. घर सोडून निघणार असाल तर मात्र गाडी घेण्याआधीच सभासद व्हा आणि त्यांचा बूटकँप, म्हणजे नवख्यांसाठीचं शिबिर, करा.

वजनाला जाताना गाडी झाडून-पुसून रिकामी करून नेऊ नका. प्रवासाला निघता तशीच न्या, पाणी, गॅस, पेट्रोल भरलेली, दोघं आत बसलेले. आमच्या फ्रीजमध्ये त्या दिवशी दह्याचं भांडंसुद्धा होतं.