अपडेटनंतर बिघडलेलं व्हॉइस टायपिंग : रोज वापरणाऱ्या अनुवादिकेचा रिव्ह्यू

माझ्या दोन्ही मनगटांना कार्पल टनेलचा त्रास आहे. सलग दहा मिनिटं टाइप केलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. म्हणून गेली तीन वर्षं अनुवादाचं सगळं काम मी संगणकाशी बोलूनच करते. वेगळं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही, ऑपरेटिंग सिस्टिमसोबत जे व्हॉइस टायपिंग येतं तेच वापरते. हा रिव्ह्यू त्याचा आहे, आणि गेल्या महिन्यातल्या मोठ्या अपडेटनंतर त्याचं जे झालं त्याचाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. खोली शांत असली आणि वायरचा यूएसबी माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असला, तर साधं मराठी गद्य ते जवळजवळ बिनचूक उतरवतं. चाकातला 'च' आणि चिमणीतला 'च' दोन्ही त्याला कळतात. माझ्यासाठी ही सोय म्हणजे चैन नाही, माझं काम त्यावरच चालतं.

अपडेट रात्री झालं. सकाळी माइकचं चिन्ह दाबलं, ते पेटलं, मी बोलत राहिले आणि पडद्यावर एक अक्षर उमटेना. हे लवकर सुटलं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी बंद झाली होती. तिथे दोन बटणं असतात, एक सगळ्या सिस्टिमसाठी आणि एक प्रत्येक अ‍ॅपसाठी. दोन्ही चालू लागतात.

मग शब्द यायला लागले, पण 'ळ' नाहीसा झाला. 'तो काळ वेगळा होता' म्हटलं तर 'काल'. 'बाळ' म्हटलं तर 'बाल'. 'आहे'च्या जागी मधूनच 'है'. हे दिसलं की उच्चार सुधारत बसू नका. बोलण्याची भाषा मराठीवरून हिंदीवर गेली आहे असं समजा, कारण प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. कीबोर्डची भाषा, पडद्याची भाषा आणि बोलण्याची भाषा अशी तीन वेगळी सेटिंग्ज असतात. माझा कीबोर्ड मराठीच दाखवत होता, त्यामुळे तिकडे लक्षच गेलं नाही. बोलण्यासाठीची मराठी फाइल अपडेटमध्ये निघून गेली होती. ती पुन्हा डाउनलोड केली आणि 'ळ' परत आला.

तिसऱ्या बिघाडाने मात्र माझे दोन दिवस खाल्ले. मराठी येत होतं, 'ळ' येत होता, पण 'साल'चं 'शाल' आणि 'फार'चं 'पार' होत होतं. हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसाने अदबीने ऐकून घेतलं आणि स्पीचचं सगळं रीसेट करायला सांगितलं. मी केलं. चूक तशीच राहिली, वर मी एकेक करून भरलेला शब्दसंग्रह गेला. विशेषनामं, कायद्यातल्या संज्ञा, सगळंच. रीसेटमुळे तो पुसला जाईल हे ना त्यांनी सांगितलं, ना पडद्यावर कुठे लिहिलं होतं. याचा मला अजून राग आहे. ज्याला हाताने टाइप करता येत नाही, त्याने ती यादी पुन्हा कशी भरायची?

कारण सापडलं ते कानाने. ब्लूटूथ हेडफोनवर एक रेकॉर्डिंग ऐकत होते. ते चालू असतानाच व्हॉइस टायपिंग सुरू केलं आणि रेकॉर्डिंगचा आवाज एकदम बसला, जुन्या फोनवरून आल्यासारखा. म्हणजे अपडेटने माझा यूएसबी माइक बाजूला सारून हेडफोनचा माइक निवडला होता. ब्लूटूथ हेडफोनचा माइक उघडला की तो संगीताच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो. कॉलच्या जुन्या मोडमध्ये आवाजाचे सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेतले जातात, त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या (सेकंदाला 4,000 कंपनांच्या) वरचं काहीच पोचत नाही. 'स'ची शिटीसारखी धार बरीचशी त्याच्या वरच असते. मी 'स' म्हणत होते, पण संगणकापर्यंत तो धड पोचतच नव्हता. साउंड सेटिंगमध्ये इनपुटला यूएसबी माइक निवडला आणि त्याच वाक्यात 'साल' नीट आलं.

म्हणून काहीही रीसेट करण्याआधी एवढं करा: साध्या रेकॉर्डरमध्ये दहा सेकंद बोला आणि ते स्वतः ऐका. आवाज तुम्हालाच कोंदट वाटला, तर दोष माइकच्या बाजूला आहे. स्वच्छ वाटला, तर भाषेकडे वळा. शब्दांचं पहिलं अक्षर गळत असेल, म्हणजे 'अजून'चं 'जून' होत असेल, तर नॉइज सप्रेशन बंद करून बघा. गोंगाट कापताना ते हळू सुरुवातही कापतं. माझ्याकडे तेही आपोआप चालू झालं होतं.

पाचपैकी तीन तारे देते. ओळखण्याच्या कामाला पाच दिले असते. दोन कापले ते अपडेटने परवानगी, भाषा आणि माइक तिन्ही न विचारता बदलले म्हणून, आणि त्या रीसेटसाठी. निदान 'तुमचा माइक बदलला आहे' एवढी एक ओळ तरी दाखवायला हवी होती.

शब्दसंग्रह आता रोज थोडा थोडा भरते आहे. आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही: 'पूर्णविराम' म्हटलं की पूर्वी टिंब यायचं, आता तो शब्दच उमटतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकदा बोट लागतं. कुणाला यावर उपाय सापडला असेल तर खाली नक्की लिहा.