बाबांची टोपी, शिट्टी आणि डोंबिवलीतले फ्रेमवाले काका

चार तारे. पाचवा पितळी पाटीपायी गेला, त्याचं पुढे सांगते.

बाबांचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. "याचं काहीतरी कर, नाहीतर मी भंगारवाल्याला देईन." आत पांढरी टोपी, शिट्टी, खांद्यावरच्या पट्ट्या, तीन सेलची बॅटरी आणि एक कृष्णधवल फोटो. कस्टम्सच्या लाँचवर बाबा उभे, मागे गोदीतल्या क्रेन. फोटो काचेला पक्का चिकटलेला.

मॉलजवळच्या एका दुकानात गेले, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं ग्लूनं चिकटवून देतो, उद्या घेऊन जा." मी पेटी उचलली आणि निघाले.

मग पूर्वेला, पुलाच्या जिन्याशेजारचं हे दुकान. दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. काकांनी आधी फोटो उजेडाकडे तिरका धरून पाहिला. "ओढू नका ताई. पावसाळ्यात ओल धरली की फोटोचा थर काचेला बसतो, ओढला तर चेहरा काचेवरच राहील." काचेसकटच स्कॅन करून त्यांनी नवीन प्रिंट काढून दिली आणि मूळ फोटो तसाच कागदात गुंडाळून परत केला. नव्या फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यामध्ये कडेनं बारीक पट्टी टाकली आहे, म्हणजे पुन्हा चिकटायला नको. टोपीत पातळ कागद भरून तिला आकार दिला. शिट्टी आणि पट्ट्या दोऱ्यानं टाचल्या. गोंदाचा थेंब नाही.

काम चालू असताना त्यांनी विचारलं, "साहेब पोलिसात होते ना?"

हा प्रश्न बाबांनी जन्मभर ऐकला. ते मुंबई कस्टम्समध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, म्हणजे तस्करी रोखणारे अधिकारी, म्हणून लागले आणि सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झाले. "पोलीस राज्याचे, आम्ही केंद्राचे," हे ते लग्नकार्यातसुद्धा समजावत बसायचे. सोसायटीत सायकल चोरीला गेली की लोक आमचीच बेल वाजवायचे. बाबा बनियनवर दार उघडून सांगायचे, "माझ्याकडे १९६२ चा कस्टम्स ॲक्ट आहे. त्यात सायकलचोर बसत नाही." आणि मग चपला घालून त्यांच्याबरोबर चौकीवर जायचे.

काकांना बॅटरीचंही सांगितलं. जहाजाची झडती घ्यायची, त्याला ते रमेजिंग म्हणत. इंजिनरूममध्ये, पाइपांच्या मागे, केबिनच्या फळ्यांआड हात घालून सोन्याची बिस्किटं शोधायची. मी शाळेत असताना त्यांनी माझा खोडरबर तळहातावर ठेवून दाखवला होता: "एवढंसंच असतं. दहा तोळे, म्हणजे ११६ ग्रॅम. अशी शंभर एका जाकिटात शिवली तर माणूस साडेअकरा किलो सोनं अंगावर घेऊन चालतो. म्हणून चेहरा बघायचा नाही, चाल बघायची." सोन्याची बिस्किटं बाळगायला बंदी घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पुढे परदेशातून येणाऱ्यांना शुल्क भरून सोनं आणायची मुभा मिळाली, आणि बाबांच्या गोष्टींतली बिस्किटं कमी कमी होत गेली. नंतरच्या गोष्टी सहार विमानतळावरच्या, त्यांत मजा नव्हती.

काका हे सगळं पट्टी कापता कापता ऐकत होते. म्हणूनच पाटीचा राग जास्त आला. ठरल्या दिवशी गेले तर फ्रेमच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली कोरलेलं: 'निवृत्त पोलीस अधिकारी'. कोरणारा वेगळा, त्याला फोनवर सांगितलं म्हणे. कागदावर लिहून द्यायला काय झालं होतं? काकांनी चार दिवसांत नवी पाटी करून आणली, पैसे घेतले नाहीत, माफीही मागितली. पण वर्षश्राद्ध तोवर होऊन गेलं होतं. त्या दिवशी पाटावर मोबाइलवरून काढलेली प्रिंट ठेवली, आणि एक मावसकाका ती बघून म्हणाले, "पोलिसात असूनही किती साधा माणूस!" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वाढायला उठले.

फ्रेम चोवीस बाय अठरा, आत तीन इंच खोल. सगळं मिळून ३,२०० रुपये झाले. आधी हजार घेतात. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं आणि फोन उचलत नाहीत. पाटीवरचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहून द्या, ऱ्हस्व-दीर्घासकट.

बॅटरी मात्र फ्रेममध्ये नाही. तिच्यासाठी खोली आणखी वाढवावी लागली असती. शिवाय काकांनी ती उघडून पाहिली, तर आत जुने सेल फुटून गंज चढलेला. पॉलिश पेपरनं स्प्रिंग घासून दिली आणि म्हणाले, "ही कशाला टांगताय? नवे सेल टाका." टाकले. आता रात्री पाण्याची मोटर बंद करायला खाली जाताना आई तीच नेते.